लोपीस मावशीचं खाजण

गेबाई बेट, टॉरेस सामुद्रधुनी
९ जून २०२४

प्रिय मार्शल,

व्हॉट्सॲपवर तुला कितीही लिहिलं तरी तुझ्याकडून एक अंगठा येतो. म्हणून हे पत्र. अंगठा पोस्टाने पाठवता येत नाही, तेव्हा निदान दोन ओळी तरी लिहाव्या लागतील तुला.

इथे येऊन महिना झाला. दवाखान्यात मी एकटी नर्स आणि जोडीला आंटी डोरिस. ती इथलीच, साठीच्या पुढची, हेल्थ वर्कर. बेटावर कुणाला ताप आलाय हे तिला थर्मामीटरच्या आधी कळतं. डॉक्टर पंधरवड्यातून एकदा छोट्या विमानाने येतो, तोही वारा असेल तर येत नाही. मेलबर्नला इतकी वर्षं वॉर्डात घालवली, पण नर्स झाल्यासारखं मला इथे वाटतंय. तू म्हणाला होतास, पन्नाशीत कुठे जंगलात निघालीस. जंगल नाही रे, तिवरं आहेत. वसईची पोर मी, मला तिवरांची भीती घालतोस?

आता इथला भूगोल ऐक. बेट ऑस्ट्रेलियाचं, पण दवाखान्याच्या ओट्यावर उभं राहिलं की समोर पापुआ न्यू गिनीचा किनारा दिसतो, झाडं मोजता येतील इतका जवळ. डिंगीने अर्धा तासही लागत नाही. ब्रिस्बेन मात्र दोन हजार किलोमीटरच्या वर. मधल्या पाण्यात सीमा आहे. दोन्ही देशांमध्ये करार आहे, म्हणून समोरच्या ठरावीक गावांतल्या लोकांना पासपोर्टशिवाय इकडे येता येतं. मासे धरायला, नात्यातल्या लग्नाला, मयताला, खेकडे नि चटया देऊन तांदूळ-साखर न्यायला. आजारी पडलं म्हणून यायचं, असं त्या करारात कुठे नाही. पण त्यांच्या बाजूला डॉक्टर गाठायचा तर बोटीत अख्खा दिवस जातो, आणि इकडे आमचा दिवा त्यांना घरातून दिसतो. मग काय करतील? येतात.

बेटाच्या पूर्वेला तिवरांच्या आड एक बारकी खाडी आहे. भरतीला डिंगी थेट दवाखान्याच्या मागच्या कुंपणाला लागते. आंटीने ती जागा दाखवली आणि मी हसतच सुटले. लोपीस मावशीचं खाजण! तोच चिखल, तोच वास, अगदी तसाच बांध. आठवतंय ना? अख्खा पाडा तिच्या बांधावरून मिशनच्या हॉस्पिटलला जायचा. तिने कधी कुणाला अडवलं नाही, फक्त 'माझी कोळंबी तुडवू नका रे मेल्यांनो' म्हणून ओरडायची. इथल्या भाषेतलं त्या खाडीचं नाव आंटीने पुन्हा पुन्हा सांगितलं, पण माझ्या जिभेला वळत नाही. मी आपली लोपीसच म्हणते.

काल तिथूनच सेरा आली. समोरच्या माराबुद गावची, बाविशीची. गेल्या वर्षी तिचं पहिलं मूल पोटातच गेलं. बीपी वाढलं होतं आणि ते बघायला कुणी नव्हतं. आता परत दिवस राहिलेत, जानेवारीत होईल. मी तिला सांगून बसले आहे की हे मूल माझ्या हातात जन्माला येणार. अशी वचनं नर्सने द्यायची नसतात, मला ठाऊक आहे. दिलं.

कॅसँड्राला आणि तुम्हा दोघांच्या लाडक्या लेकीला, ॲशलीला, माझं प्रेम.

तुझी ताई,
मिल्ड्रेड

•

पॉइंट कुक, मेलबर्न
३० जून २०२४

प्रिय ताई,

टाइप करून पाठवतोय. माझं अक्षर मलाच लागत नाही, तुला काय लागणार. तुझं पत्र जेवणाच्या टेबलवर मोठ्याने वाचलं. ॲशली म्हणाली, "आंटी मिल्ड्रेड इज लिव्हिंग द ड्रीम." मग तिला लोपीस मावशीची गोष्ट सांगावी लागली. तिला वाटलं, खाजण म्हणजे काहीतरी खायची वस्तू.

आमचं नेहमीचं चाललंय. सकाळी गाडी घेऊन विल्यम्स लँडिंग, पार्किंग शोधा, मग ट्रेनने ऑफिस. थंडी अशी की खाडीवर फिरायला गेलं तर नाक उरत नाही. कॅसँड्रा म्हणते, तूच शहाणी, उबेत गेलीस.

एक गंमत सांगतो. आमच्या फर्मला उत्तरेकडचं काम मिळालंय. बेटांवरच्या जेट्या, छोट्या बोटींची ये-जा, कुठे उतरायला काय सोय हवी, असा सर्व्हे. क्लायंट सरकारी आहे, तपशील कंटाळवाणे आहेत. तुझं गेबाई त्यात आहे! अडचण अशी की मला तिकडे पाठवत नाहीत. सॅटेलाइटवर मला नुसतं हिरवं आणि तपकिरी दिसतं. लोक खरे कुठे उतरतात हेच कळलं नाही तर सोय करणार कशी?

म्हणून तुलाच विचारतो. तुझ्या लोपीसला भरतीला पाणी किती असतं? ओहोटीला बोट लागते का? वर्षभर वापरतात की ठरावीक महिन्यांतच? आणि मुख्य जेटी सोडून लोक तिथेच का येतात? तू लिहितेस छान, डोळ्यांसमोर उभं राहतं. जमलं तर हाताने एक नकाशा काढ.

सेराचं बीपी कसं आहे? तब्येत सांभाळ. मगरी असतात म्हणे तिथे.

तुझा,
मार्शल

•

गेबाई
२१ जुलै २०२४

प्रिय मार्शल,

तू आमच्याकडे जेटी बांधणार? देव बरं करो रे तुझं! मी लगेच आंटीला सांगितलं, माझा भाऊ मोठा इंजिनिअर आहे, आता पेशंटना चिखल तुडवत यायला नको. ती हसली. इथे बरेच इंजिनिअर येऊन गेले म्हणे.

तुझ्या प्रश्नांची उत्तरं. मुख्य जेटी उत्तरेला आहे, उघड्या समुद्रावर. आता आग्नेयेचा वारा आहे तोवर ठीक. पण डिसेंबर ते मार्च वायव्येचा वारा येतो, त्याला इथे कुकी म्हणतात. कुकी लागला की जेटीवर लाटा अशा आपटतात की डिंगीचे तुकडे होतील. त्या चार महिन्यांत सुरक्षित जागा एकच, लोपीस. तीसुद्धा भरतीलाच. ओहोटीला तिथे नि बेटाच्या सगळ्या पूर्व बाजूला नुसता चिखल उघडा पडतो, माणूस मांडीपर्यंत रुततो, बोट रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत हलत नाही. म्हणून ते लोक भरतीच्या आधी निघतात आणि पाणी चढत असताना आत शिरतात. आठवड्याला तीन-चार बोटी येतात, कधी जास्त. बहुतेक बायका आणि लहान मुलं. खाडीच्या तोंडाशी एक वाळलेलं तिवर आहे, ते डाव्या हाताला ठेवायचं. नकाशा मागच्या बाजूला काढलाय. बाण दाखवलाय तो वाटेचा. हसू नकोस, ड्रॉइंगमध्ये मी नेहमीच नापास.

मी नकाशा काढत होते तेव्हा आंटी म्हणाली, "सिस्टर, एवढं सगळं कशाला लिहितेस?" मी म्हटलं, अगं, भावाला लिहितेय.

सेराचं बीपी गोळ्यांवर ठीक आहे. दर पंधरा दिवसांनी येते. परवा माझ्यासाठी चटई विणून आणली. शेवटचे दोन आठवडे ती इथे आंटीच्याच घरी राहील असं ठरवलंय, पण तिचा नवरा कबूल होत नाही. बघू.

जेटी बांधशील तेव्हा सावलीला छप्पर कर. गरोदर बाई उन्हात उभी राहू शकत नाही. आणि लोपीसच्या बाजूलाच कर, त्या उत्तरेच्या आपटणाऱ्या दगडावर नको.

तुझी ताई

•

गेबाई
१० नोव्हेंबर २०२४

मार्शल,

जुलैपासून तुझा एक शब्द नाही. ऑफिसात मोठा साहेब झालास की काय?

मी रागात लिहितेय, तुझ्यावर नाही, जगावर. गेल्या महिन्यापासून लोपीसच्या तोंडाशी गस्तीची बोट उभी असते. बरोबर त्या वाळलेल्या तिवरापाशी. आणि बरोबर भरतीच्या वेळी! ओहोटी लागली की निघून जाते. इतकी वर्षं त्यांना ही खाडी दिसली नव्हती, आंटी सांगते. बेटाभोवती चकरा मारायचे आणि जायचे. आता कोणी सांगितलं यांना? बेटावरच कुणी चहाडी केली असेल असं लोक कुजबुजतात. दोन घरांत बोलणं बंद झालंय त्यावरून.

येणाऱ्या डिंगीला ते सांगतात, इथे उतरायचं नाही, उत्तरेच्या जेटीवर जा, तिथे नोंद करा, भेटीचं कारण सांगा. कारण काय सांगणार? दवाखाना म्हटलं तर परत पाठवतात. खोटं बोलायची त्यांना सवय नाही. गेल्या आठवड्यात एका आईने 'मूल आजारी आहे' असं खरं सांगितलं आणि तिला माघारी जावं लागलं. मी ओट्यावरून बघत होते. हातात सलाइन घेऊन उभी होते मी, मार्शल.

सेरा ऑक्टोबरात एकदाच आली, जेटीवर चटया विकायला आले असं सांगून. बीपी चढलेलं होतं. आता कुकी येईल. जेटी बंद झाल्यासारखीच. आणि लोपीसवर हे असे बसलेले. जानेवारीत तिने यायचं कुठून?

तुझ्या त्या सरकारी क्लायंटमध्ये ओळखीचं कुणी असेल तर विचार ना. चार महिन्यांपुरती ती खाडी मोकळी सोडा म्हणावं. तू सर्व्हे केलायस, तुझं ऐकतील.

ताई

•

पॉइंट कुक
२४ नोव्हेंबर २०२४

प्रिय ताई,

उशीर झाला, माफ कर. वर्षअखेरीच्या डेडलाइन, त्यात ॲशलीच्या बारावीच्या परीक्षा.

तुझा राग समजतो, पण शांतपणे ऐक. देश म्हटलं की सीमा आली. त्या पाण्याच्या पट्टीतून फक्त गरोदर बायका येत नाहीत. बंदुका, ड्रग्ज, नाना तऱ्हेचे रोग, माणसांची ने-आण करणारे, सगळंच येऊ शकतं. गस्तवाल्यांनी डोळे झाकून बसायचं का? ते त्यांचं काम करतात, तू तुझं कर.

आपण ह्या देशात कसे आलो आठव. पॉइंट मोजले, मेडिकल केली, इंग्लिशची परीक्षा दिली, तीन वर्षं व्हिसाच्या पत्राची वाट बघितली. तुझा एक्स-रे परत काढायला लावला तेव्हा तू रडली होतीस, पण नियम मोडला नाहीस. मग दुसऱ्यांनी का मोडावा? जेटीवर नोंद करून यायला सेराला काय अडचण आहे? दोन मिनिटांचं काम.

माझी कुणाशी ओळख नाही. सर्व्हे कधीच संपला, फाइल पुढे गेली. मी यात पडलो तर कॉन्फ्लिक्ट ऑफ इंटरेस्ट होईल. तूही असल्या गोष्टी फार लिहीत जाऊ नकोस, तुझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

नाताळला ये. कॅसँड्रा फुगे तळणार आहे, मम्मीच्या पद्धतीने. तिकीट मी काढतो. डोकं थंड होईल तुझं.

मार्शल

•

गेबाई
२ फेब्रुवारी २०२५

मार्शल,

नाताळला मी आले नाही ते बरं झालं. तुझ्या टेबलवर बसून फुगे खाल्ले असते आणि आज ते आठवून मला उलटी झाली असती.

काय झालं ते सांगते. शेवटपर्यंत वाच, अंगठा पाठवू नकोस.

जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कुकी जोरात होता. दुपारची भरती होती. सेराला कळा सुरू झाल्या, डोकं दुखत होतं, डोळ्यांपुढे अंधारी येत होती. नवऱ्याने आणि सासूने तिला डिंगीत घातलं आणि निघाले लोपीसकडे, कारण त्या वाऱ्यात दुसरी जागाच नाही. हे तुला मी जुलैत लिहिलं होतं. तिवरापाशी त्यांना अडवलं. गस्तीवरचा पोरगा वाईट नव्हता. त्याने पाणी दिलं, लाइफजॅकेट दिलं, रेडिओवर वरच्यांना विचारलं. वरून हुकूम आला, जेटीवर पाठवा, नोंद होऊ दे. सगळं दिलं त्याने, वाट तेवढी दिली नाही.

ते उत्तरेला वळले. जेटीला लागता येईना. लाटेने डिंगी दोनदा खांबावर आदळली. परत फिरून लोपीसकडे यायला निघाले तोवर ओहोटी लागली होती, आणि डिंगी चिखलावर बसली. दवाखान्यापासून इतक्या जवळ की मला सेराचा फ्रॉक कोणत्या रंगाचा आहे ते दिसत होतं. पिवळा. मी आणि आंटी बॅग घेऊन चिखलात उतरलो. मी कमरेपर्यंत रुतले. आंटीच्या पुतण्यांनी फळ्या टाकल्या, मला ओढून काढलं, मग आम्ही फळ्या पुढे सरकवत सरकवत गेलो. मी पोचले तेव्हा सेराला फिट येऊन गेली होती. बाळ त्या डिंगीतच झालं. मुलगा. माझ्याच हातात जन्माला आला, दिलं होतं ना वचन? रडला नाही तो. मी त्याच्या तोंडात फुंकर घालत राहिले, आंटीने माझा हात धरून थांबवेपर्यंत.

सेरा जगली. हेलिकॉप्टरने नेली आणि बरी झाल्यावर तिला समोर सोडून आले. त्या कामाला बोट लगेच मिळाली.

आता तुझ्याबद्दल. गेल्या मंगळवारी इथल्या हॉलमध्ये सभा घेतली. गस्तीचे साहेब लोक आले होते, लोकांना 'समजावून' सांगायला. पडद्यावर नकाशा लावला. पूर्वेची खाडी, वाळलेलं तिवर, भरतीच्या वेळा, डिंगीच्या वाटेचा बाण, माझ्या हाताने काढला होता तसाच वाकडा. आणि खाडीवर छापील अक्षरांत नाव, लोपीस इनलेट.

आंटी डोरिस उभी राहिली. तिने विचारलं, "हा लोपीस कोण? माझ्या पणजोबांपासून ह्या खाडीला नाव आहे. लोपीस नावाचा माणूस ह्या बेटावर कधी राहिला नाही." साहेबांनी एकमेकांकडे बघितलं. एक म्हणाला, बहुधा जुन्या पोर्तुगीज खलाशाचं नाव असावं. बहुधा!

साऱ्या दुनियेत त्या चिखलाला लोपीस म्हणणारी माणसं दोन. एक मी आणि एक तू.

मूर्खा, तुला नावसुद्धा बदलावंसं वाटलं नाही? का तुला दुसरं नाव माहीतच नव्हतं? माझ्या पत्रातून उचललंस आणि जसंच्या तसं चिकटवलंस. मी तुला जेटीचं छप्पर सांगत होते आणि तू बंदूक कुठे रोखायची ते लिहून घेत होतास. नोव्हेंबरात मी तुझ्याकडेच गयावया केली, तेव्हा तुझं उत्तर काय? सीमा, पॉइंट, एक्स-रे! 'दोन मिनिटांचं काम'! तुला माहीत होतं कुकीत ती जेटी चालत नाही. ह्या बेटाबाहेर तुझ्याइतकं ते कुणालाच माहीत नव्हतं.

मम्मीला तुझ्या वेळी कळा लागल्या तेव्हा रस्त्याने जायला वेळ नव्हता. पप्पांनी आणि चौघांनी तिला खाटेवर घातलं आणि लोपीस मावशीच्या बांधावरून पळवत नेलं. मी मागून चपला हातात घेऊन धावत होते. मावशीने तेव्हा मम्मीला विचारलं नाही, भेटीचं कारण काय म्हणून. ती स्वतः कंदील घेऊन पुढे चालली. त्या वाटेने तू जगात आलास, मार्शल. आणि तिचंच नाव घेऊन तू वाट बंद केलीस.

हॉलमध्ये मी उठून सांगितलं सगळ्यांना. नकाशा माझा आहे, पत्र मी लिहिलं. चहाडी ज्यांच्या नावावर लागली होती त्यांच्यासमोर सांगितलं. आंटी उठून निघून गेली.

मिल्ड्रेड

•

पॉइंट कुक
२० फेब्रुवारी २०२५

ताई,

किती वेळा लिहिलं आणि फाडलं. आता पाठवतोच.

हो, तुझ्या पत्रावरूनच घेतलं. पण तुला वाटतं तसं नाही. क्लायंट म्हणजे सीमेवर गस्त घालणारं खातं, हे मला माहीत होतं, तुला सांगायची परवानगी नव्हती. मी रिपोर्टमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की डिसेंबर ते मार्च ही खाडी वैद्यकीय कारणासाठी मोकळी ठेवावी. शपथेवर सांगतो. मला वाटलं, एकदा कागदावर आलं की त्या बायकांना लपूनछपून यावं लागणार नाही. नियमात बसेल. माझ्या डोक्यात हेच होतं, सगळं नियमात बसवायचं. वरच्यांनी ती शिफारस काढली आणि नकाशा ठेवला. फायनल कॉपी माझ्याकडे आली तेव्हा मला दिसलं ते.

तू विचारशील, मग सही कोणी केली. मी केली. टीममध्ये सात जण आहेत, प्रत्येकाचं घराचं लोन आहे. मला वाटलं, नाही केली तर दुसरा करेल.

नोव्हेंबरात तुझं पत्र आलं तेव्हा मला कळून चुकलं होतं. मी घाबरलो आणि तुला लेक्चर दिलं. ॲशलीने तुझं फेब्रुवारीचं पत्र मला वाचायला लावलं, तिला मराठी वाचता येत नाही म्हणून मोठ्याने. मी मध्येच थांबलो तर म्हणाली, "कीप गोइंग, डॅड." शेवटी एवढंच म्हणाली, "शी वॉज टेलिंग यू अ स्टोरी." तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाही.

मी एक गोष्ट केली आहे. ऑफिसात भांडून नकाशा दुरुस्त करायला लावला. लोपीस हे नाव काढून टाकलंय. पुढच्या आवृत्तीत तिथे फक्त 'पूर्व खाडी क्रमांक तीन' असं येईल. मावशीचं नाव त्यात राहणार नाही. एवढं तरी मला करता आलं.

सेरा कशी आहे? तिला काही पाठवता येईल का? आता बोटी कुठून येतात? तू एकटी पडलीस का तिथे? लिही ना काहीतरी. काहीही लिही.

मार्शल

•

गेबाई
२७ एप्रिल २०२५

मार्शल,

पत्र मिळालं. ते क्रमांक तीन वाचून मी आंटीलाही इंग्लिशमध्ये सांगितलं. हो, ती बोलते आता माझ्याशी. महिनाभर बोलली नाही. दवाखान्यात यायची, काम करायची, जायची. मग एक दिवस तिने तव्यावर भाजलेला मासा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाली, खा. तेवढंच. क्रमांक तीन ऐकून ती म्हणाली, तुझ्या भावाने बोट हलवली का? मी म्हटलं, नाही, नाव हलवलं.

बोट अजून तिथेच आहे. तू शिफारस लिहिली होतीस हे खरं असेल. मी मानते. पण तुझी शिफारस चिखलात उतरली नाही आणि तुझी सही उतरली. रिपोर्टातून काढलेलं ते शिफारशीचं पान घेऊन कुणासमोर उभा राहा, तुझ्या नावानिशी, त्या सात जणांच्या लोनसकट. मग मला पत्र लिही. तोवर माझ्या रागाला तारीख नाही.

सेराने विचारलं, तुझा भाऊ कसा आहे. तिला मी सगळं सांगितलंय, तरी विचारलं.

गेल्या आठवड्यात माराबुदच्या एका बाईचं बाळंतपण झालं, दवाखान्यात, पलंगावर, पंख्याखाली. मुलगी आहे, आवाज असा की आंटीने कानांवर हात ठेवले. ती बाई कुठून आली, कुठल्या पाण्याने, कुणी आणली, कोणत्या वाऱ्यात, ते मी लिहिणार नाही. बोटी कुठून येतात म्हणून विचारलंस ना? यापुढे माझ्या पत्रात तुला झाडं, मासे आणि माझ्या गुडघ्याचं दुखणं एवढंच वाचायला मिळेल.

नाव तू कागदावरून काढलंस, इथे लोकांच्या तोंडून निघालं नाही. पोरं आता गस्तीच्या बोटीलाच लोपीस म्हणतात. ती दिसली की पाण्यातून ओरडत पळतात, "लोपीस आला, लोपीस आला!"

डिसेंबरात तू दरवर्षीसारखा वसईला जाशील. लोपीस मावशी नव्वदीची झाली आहे, दिसत नाही फारसं, पण आवाज ओळखते. तुला जवळ बसवेल, डोक्यावरून हात फिरवेल आणि विचारेल, मिल्ड्रेडच्या बेटावर काय चाललंय? तेव्हा सांग तिला. तिथे तिच्या नावाने माणसं पळतात, हे तुझ्या तोंडाने सांग.

मिल्ड्रेड